आल्याच्या पाण्याचा कारखाना

१७ एप्रिल १९३४, नांदुरा
कारखाना! पाटी मीच रंगवली — 'आल्याचे थंडगार पाणी'. कारखाना म्हणजे न्हाणीमागची पडवी, चार रांजण अन् एक मालक. गिऱ्हाईकही सध्या मालकच. खामगावच्या कापसाच्या जिनातल्या साहेबाकडून कृती शिकलो. आलं, गूळ, लिंबू, पाववाल्याचं खमीर. मुरवायचं, बाटलीत भरायचं, बूच सुतळीनं आवळायचं. साहेब याला जिंजर-बीर म्हणतो. पाटीवर 'बीर' लिहिलं असतं तर गावानं माझी धिंड काढली असती.

२२ एप्रिल
आज दोन बाटल्या खपल्या. एक स्टेशनमास्तरांनी घेतली, एक मांजरानं पाडली.
सोजरा म्हणे, "लोकं याले दारू म्हनून राह्यले. माळकऱ्याची पोरगी अन् दारूवाल्याची बायको! बाबाच्या कानावर गेलं तं मले माहेर बंद." शपथ घेऊन सांगितलं, नशा नाही. ताज्या मालात खरंच नाही.

४ मे
सासरे आले होते, पिंपळगाव राजाहून. पंजाबराव म्हणजे पक्के माळकरी, सुपारीचंही व्यसन नाही. मेव्हण्याचं, निवृत्तीचं लग्न ठरलं. मी छाती फुगवून म्हणालो, मांडवात पाणी माझं!
"नशा नाही ना, जावईबापू?"
"छे हो, मामाजी!"
लग्नाचा माल म्हणून गूळ दुप्पट घातला. आम्हा वऱ्हाडी माणसांचा हात आखडायचा कसा?

१९ मे
ऊन भयंकर. पडवीत बाटल्या आपोआप फुटल्या. सोजरा ओरडली, "दरोडा आला वं माय!" उरलेल्यांतली एक चाखली. डोकं जरा हललं. उन्हानं असेल, म्हणालो. व्वा रे कारखानदार!

२३ मे
लग्न लागलं. माझ्या बाटलीला कोणी हात लावेना. सगळे मामाजींकडे पाहू लागले — माळकरी पितो का? त्यांनी घोट घेतला. थांबले. मग पेला रिकामा केला अन् म्हणाले, "गोड हाय. घ्या हो, घ्या!"
मग काय विचारता! व्याही विहिणीच्या आधी रुसला. नवरदेवाचा मामा बैलाच्या गळ्यात पडून माफी मागत होता. माझं पाणी चढतं, हे मांडवात फक्त मला कळलं. अन् मी तोंड मिटून बाटल्या वाटत राहिलो. शाबास!

२ जून
ऑर्डरींचा पाऊस! शेगाव, मलकापूर, थेट संग्रामपूरपर्यंत. "पंजाबराव पेले थे पानी द्या." ताजा माल दिला तर परत आणतात — "हे नाही, लग्नातलं द्या!" दिलं. दोन गडी ठेवले, स्टेशनाजवळ जागा घेतली. नव्या पाटीवर मामाजींचं नाव टाकावं, असंही मनात आलं. बेशरमपणालाही काही हद्द असते. मला नाही.

९ जून
तो माणूस माझ्या शब्दावर प्याला. सांगितलं तर धंदा बसतो, सोजराचं माहेर तुटतं. न सांगितलं तर त्यांचं व्रत मोडलंय अन् त्यांनाच पत्ता नाही. आज दमणी जुंपली, परत सोडली. मग पुन्हा जुंपली. बैलानं माझ्याकडे असं पाहिलं की मलाच लाज वाटली.

११ जून
गेलो. मामाजी ओसरीवर एकटेच होते.
"त्या दिवशीच्या पाण्यात, मामाजी—" एवढंच निघालं.
"मले पयल्या घोटातच समजलं."
"मंग थुकलं काऊन नाही?"
"सारा मांडव माह्याकडं पाहून राह्यला व्हता. थुकलो असतो तं तुमचा धंदा तिथंच बसला असता. माही पोरगी तुमच्या घरात हाय, जावईबापू."
त्यांनी उपरणं बाजूला केलं. गळ्यात माळ नव्हती.