नाव जगवणारा

पुराच्या ऋतूचा तिसरा महिना, दिवस ८
पोरांकडून आज पुन्हा 'स' घोकून घेतला. आपल्या जुन्या चित्रलिपीच्या भाषेत जगणेच्या आधी स लावला की जगवणे. टिकणे – टिकवणे. उभं राहणे – उभारणे. मग तेच रूप सगळ्या काळांत चालवा. म्हणतात, गुरुजी, असं बोलतं कोण? कोणी नाही! घरोघरी 'जगायला लाव' असंच म्हणतात. जुनं रूप उरलंय ते मेलेल्यांच्या दगडावर. माझं पोट त्यावरच चालतं.

दिवस ९
आबांनी स्वतःच्या थडग्याचा दगड माझ्याकडून लिहून मागितला. डोळे गेले, हट्ट शाबूत. शेवटची ओळ नेहमीचीच – 'त्याचं नाव जगवणारा त्याचा मुलगा', पुढे मुलाचं नाव. मी धरूनच चाललो होतो. थोरला मी. अंघोळ घालतो मी, बियरमध्ये भाकरी भिजवून भरवतो मी.

"तिथं पाशेद घाल," म्हणाले.

पाशेद! धाकटा! आठ-आठ दिवस राजाच्या थडग्याच्या कामावर, सुट्टीला येणार, ढोसणार, चालला! का म्हणून विचारलं. तर म्हणे, तो माझ्यासारखा दगड फोडतो, तू बसून खातोस.

दिवस ११
कोरलं. अक्षर सुरेख आलंय मेलं.

दिवस २०
पाशेद सुट्टीला आला. दगड बघून खूश. मला म्हणतो, "दादा, जगव तू, नाव माझं!" सगळी गल्ली हसली. कानाखाली द्यावीशी वाटली. नाही दिली, याचाच राग येतोय.

दिवस २६
पाशेदला कामावर विंचू चावला. डोंगरापलीकडून आणेपर्यंत संपला. वाटभर विष उतरवायचे मंत्र मीच वाचत होतो. बायको नाही, पोर नाही त्याला.

चौथा महिना, दिवस ३
आबा जेवत नाहीत. आज एवढंच बोलले, "मेलेला कुणाला जगवणार? खरवड ते. तुझं घाल, नेबरे."

हेच हवं होतं मला. मिळालं तर उष्टं ताट पुढे सरकवल्यासारखं.

दिवस ४
छिन्नी पाशेदच्या नावावर टेकवली. नाव खरवडलं की मेलेला पुन्हा मरतो, नि मग कायमचाच. दुसरीकडे कुठे त्याचं नाव लिहिलेलंच नाही. छिन्नी परत पिशवीत टाकली.

आबांना सांगितलं, घातलं माझं. त्यांनी ओळीवरून बोट फिरवलं. "बरं झालं," म्हणाले. वाचता त्यांना कधीच येत नव्हतं.