बाबांच्या वाट्याचं तेल

प्रिय ढब्ब्या,

फोन मीच ठेवला. लाइन कटली नव्हती आणि मला रागही आला नव्हता. तू विचारलंस, "आई, जाऊ का?" आणि मी फोन खाली ठेवला. पुढच्या आठवड्यात तुला समुद्रात तेल काढायच्या नोकरीवर रुजू व्हायचंय आणि माझ्या हो-नाहीवर तू अडून बसलायस. दुसरा असता तर त्याने सही ठोकून मग आईला कळवलं असतं. पण मन असं भरून आलंय बघ, की बोलण्यापेक्षा लिहिणं बरं वाटतंय.

आधी इथली बातमी. म्युझियममधल्या आपल्या त्या कच्च्या तेलाच्या बाटलीचं बूच उडालं. आमच्या नव्या अधिकारी बाईंना ते थिजलेलं तेल बघवत नव्हतं. लोक येतात आणि म्हणतात, हे तर बूटपॉलिश! ते तेल आहेच मेणासारखं, एसीत ठेवलं की दगड होतं. इतकी वर्षं सकाळी दालन उघडलं की मी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल बाटलीला गुंडाळायचे, मग ते जरा हलायला लागायचं. बाईंना वाटलं, या म्हातारीला रोजची कटकट कशाला. त्यांनी बाटलीच्या बुडाशी चांगला मोठा दिवा बसवून दिला. दुपारपर्यंत तेल असं डुलायला लागलं, की शाळेची पोरं काचेला नाक लावून उभी. आणि मग बूच उडालं. काळा ओघळ काचेच्या पेटीभर पसरला आणि वास जिना उतरून तिकीटखिडकीपर्यंत गेला. करायला गेली एक आणि झालं भलतंच, बिचारीचा चेहरा एवढासा झाला. मी म्हटलं, सरका बाई, पुसते मी.

पुसता पुसता रडले. सगळ्यांना वाटलं, वासाने डोळे झोंबले असतील. तुझे बाबा रजेवर घरी यायचे तेव्हा त्यांच्या कपड्यांना डिझेलचा आणि समुद्राचा तळ खणणाऱ्या यंत्राच्या चिखलाचा वास असायचा. हा वास कधीच नव्हता. ज्याच्यासाठी ते महिनोन्‌महिने पाण्यावर राहिले, तो वास त्यांना मिळालाच नाही, आणि मी तो फडक्याने टिपत बसले होते. त्याच संध्याकाळी तुझा फोन आला.

तुला समुद्राचं वेड कुठे लागलं, हे मला ठाऊक आहे. शाळा सुटली की त्या पेटीखाली फतकल मारून तू गृहपाठ करायचास. कुणी काचेवर टकटक केली की डोळे वटारून सांगायचास, वाजवू नका, ते झोपलंय. लोक हसायचे आणि तू आणखी चेकाळायचास. दोष कुणाला देऊ? तुला ठेवायला दुसरी जागाच नव्हती.

त्या काळी समुद्रात तेल शोधणं म्हणजे लोकांच्या चेष्टेचा विषय होता. जहाजावरून तळाला भोक पाडायचं आणि ते कोरडं निघालं की पुढे सरकायचं. शेजारचे विचारायचे, काय हो, निदान मासा तरी लागला का? तुझे बाबा म्हणायचे, तेल आहे खाली, आम्हाला बघून लाजतंय. ते कसे गेले, ते तुला माहीत आहे. लहान बोटीतून जहाजावर चढायला क्रेनने दोरांची टोपली सोडायचे, माणसं तिच्या कडेवर बाहेरून उभी राहायची. त्या दिवशी लाटा चढल्या आणि टोपली कलली. क्रेन चालवायला बाबांचे जोडीदार, आपले क्रेनकाकाच होते. मी त्यांना कधी बोल लावला नाही, पण त्यांनी स्वतःला लावला, अजून लावतात.

पुढचं तुला माहीत नाही. त्या मंडळींनी आपसांत ठरवलं होतं, की तेल लागलं की प्रत्येकाने आपापल्या हाताने एकेक बाटली भरायची. जो रजेवर असेल त्याची बाटली जोडीदाराने भरायची आणि घरी पोचवायची. बाबा गेले आणि काही आठवड्यांनी तेल लागलं. दार वाजलं. बाई कितीही शहाणी असली तरी अशा वेळी वेड्यासारखं वाटतंच, की तेच आले; मी धावत गेले. दारात क्रेनकाका उभे होते, हातात खोकल्याच्या औषधाची बाटली.

"तेल लागलं, वहिनी. हा त्याचा वाटा."

एवढंच बोलले. तू झोपला होतास.

होय रे, तीच ती बाटली. पुढे म्युझियममध्ये नोकरी लागली तेव्हा मीच ती तिथे दिली. पाटीवर नाव नको, असंही मीच म्हटलं. दिवसभर नवऱ्याच्या नावासमोर बसणं मला झेपलं नसतं. तशी त्यांची रोज गाठ पडायची आणि कुणाला काही सांगावं लागायचं नाही. आता बाई विचारतात, उरलेलं थोडं घरी नेता का? मी म्हटलं, नको, बूच घट्ट लावा आणि राहू दे. पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतेय. टॉवेलचं कुणाला तरी शिकवून जाईन.

तर, तू विचारलंस, जाऊ का. जा. नाही म्हणायची फार इच्छा आहे, खोटं कशाला बोलू, पण माझ्यासाठी घरी कुढत बसलेला मुलगा मला बघवणार नाही. आता टोपली नसते, हेलिकॉप्टरने नेतात, सगळं सुरक्षित आहे, असं तू म्हणतोस. असेल बाबा. क्रेनकाका मात्र सांगत होते, की बाटल्या भरायची रीत अजून चालू आहे. म्हणून हे पत्र. फोनवर मला हे बोलता आलं नसतं. तुझ्या वाट्याचं तेल कुणाच्याही हाती घरी पाठवायचं नाही. रजेवर असलास तरी नाही. चार महिने पडून राहिलं तरी चालेल. तू स्वतः घेऊन ये आणि दार तूच वाजव.

वाट बघायची सवय असलेली, तुझीच,
आई