रजा न मागणारं पाखरू

ती. आईला लांबूनच वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन किरकोळ आहे, असं ताई कळवते. ती किरकोळ म्हणाली की मला धडकीच भरते. नीट जेवतेस ना?

दूरदेशाहून येणाऱ्या पाखरांचा हंगाम म्हणून साहेबांनी माझी रजा नाकारली होती. आज जाळ्यातून पाखरं सोडवून त्यांच्या पायात ओळखीच्या नंबराच्या कड्या घालताना गेल्या वर्षी इथेच घातलेली कडी असलेलं एक सापडलं. साहेब गहिवरले, "एवढासा जीव, पण न चुकता परत येतो बघ!"

मी म्हटलं, "त्याला रजा मागावी लागत नाही, साहेब."

सगळे हसले. साहेब ते पाखरू हवेत सोडत म्हणाले, "जा बाबा, उद्याच नीघ."

ऑपरेशनच्या आधी पोचतो. पट्टी सुटल्यावर पहिलं तोंड माझंच दिसेल. त्यावर डॉक्टरांकडेही इलाज नाही.

तुझाच,
धाकटा