दातवाल्याची खुर्ची

१२ नोव्हेंबर १९६७, रविवार
दाढेनं जीव खाल्ला होता. शेवटी सदरला चिनी दातवाल्याकडे गेले. लोक म्हणतात हात हलका. खरंच हलका, दाढ कधी निघाली कळलं नाही.
त्याची बायको ट्रे धरून उभी. आलान. हिची धाकटी आमच्या प्रसूतिगृहात माझ्याच हातावर झाली, गेल्या वर्षीच्या दिवाळीत. तेव्हा हसली की तोंडभर दात दिसायचे. आता गाल आत गेलेत, म्हातारीसारखे. वय तिशीच्या आत.
विचारलं, दातांना काय झालं? तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, ‘कैल्शियम कम।’ आणि माझ्या तोंडात कापूस कोंबला.
मी नर्स आहे, बाबा. कॅल्शियम मला नको शिकवू.

१६ नोव्हें.
आलान धाकटीला टोचायला घेऊन आली. पडद्याआड बसवली, चहा दिला.  मग म्हणाली, ‘दीदी, सब अच्छे दाँत थे।’
सूप गार होतं, म्हणून एक दात. दुसरीही मुलगीच झाली, म्हणून एक. कलकत्त्याला आईला चिठ्ठी लिहिली, म्हणून दाढ. नवरा शटर खाली ओढतो, खुर्चीवर बसवतो. बधिर करायची सुई देत नाही. ओरडली तर आणखी एक. ट्रे धरायला थोरली, लिली. आठ वर्षांची.
दात बाटलीत ठेवतो. फळीवर ती बाटली मीही पाहिली होती, वाटलं पेशंटांना दाखवायचा नमुना असेल.
मारल्याचा वळ नाही, डाग नाही. कोण म्हणेल मारतो? म्हणतील इलाज केला.
दुपारचा डबा तसाच घरी आणला. आई विचारत होती. 

१९ नोव्हें., रविवार
विहारात महिला मंडळाची बैठक. सांगून टाकलं.  मग रुक्मा म्हणाली, ‘ते चिनी आहे वं. त्याइच्या लढाईत माह्या भावाचा पाय गेला.’
कौसल्याबाई आमच्या अध्यक्ष. साठी उलटली, तोंडात तीन दात, आवाज गिरणीच्या भोंग्याचा. म्हणाल्या, ‘तिनं तोडला का त्याचा पाय? आपली पोरगी असती तं काय केलं असतं, ते सांग.’
आपली असती तर आधी गावी पोचवली असती. विचारायचं-सवरायचं मग. आजवर अशा कितीतरी पोचवल्या. ठरलं, हिलाही तसंच.
मी म्हटलं, आधी त्यांच्या माणसांना विचारू. जाताना चिनी हॉटेलवाल्या चाचाकडे गेले. तिथल्या चिनी घरांत त्याचा शब्द चालतो. तो ताट पुसत राहिला. ‘घर का बात घर में। बाहर जाएगा तो पुलिस आएगा। फिर सबको गाड़ी में डालेगा, उस साल जैसा।’ लढाईच्या वेळी सरकारनं चिनी म्हणून उचलला, दोन वर्षं राजस्थानच्या छावणीत कोंडला होता. त्याला नावं ठेवणार होते, ठेवली नाहीत. चाची मागं उभी राहून ऐकत होती. निघताना बाळाचे दोन स्वेटर हातात कोंबले.

२६ नोव्हें., रविवार
नेलं. दातवाला रविवारी सकाळी पत्ते खेळायला जातो, तेवढ्यात. आलानला कौ. बाईंचं लुगडं नेसवलं, पदर नाकापर्यंत. एसटीत कंडक्टर म्हणाला, ‘नेपाळी आहे का जी ही बाई?’ ‘हो’ म्हटलं.
नरखेडकडे मामाचा संत्र्याचा बगीचा. तोडणी चालू. लिली तोडणीवाल्या बायकांत जाऊन बसली, लहानमोठी संत्री वेगळी करू लागली. मामीनं आलानपुढे भाकर ठेवली, तिचं तोंड बघितलं, उचलली, दुधात कुस्करून आणली. ‘खाय वं माय. इथं कोणी नाही येत.’
आलान तोंडावर हात धरून हसली. मला इतकं बरं वाटलं की संध्याकाळच्या गाडीत एकटीच रडले.

३० नोव्हें.
पोलीस गेले मामाकडे, तिघींना घेऊन आले. कंडक्टरला ती ‘नेपाळी’ बाई आठवली होती.
दातवाल्यानं बायको हरवली असं सांगितलंच नाही. सांगितलं, चिनी पासपोर्टवाली बाई परवानगीशिवाय शहराबाहेर गेली. तिला जवळच्या कामठीला मुक्काम करायचा तरी आधी ठाण्यात विचारावं लागतं. आमच्यापैकी एकीलाही माहीत नव्हतं. आपल्या बायकांना जसं पळवतो तसं पळवलं आणि तिला गुन्हेगार करून बसलो.
ठाण्यात तिला विचारलं, तू का नाही बोललीस? ‘आप सरकारी नर्स हैं, दीदी। मैंने सोचा परमिशन आपने ले लिया।’

१ डिसेंबर
ठाण्यात दिवस गेला. साहेब आवाज न चढवता बोलत होते, त्याचाच जास्त राग आला. या वेळी सोडतो, पुन्हा झालं तर खटला, मग देशाबाहेर. मुली इथं जन्मलेल्या, त्या बापाकडे राहतील. आता हिची हमी कोण घेणार? नवरा. झालं. सही करून सामान घ्यावं तसं त्यानं तिघींना घेतलं.
दातांचं मी सांगितलं. साहेब म्हणाले, ‘डॉक्टर आहेत ते. तुम्ही नर्स आहात.’
बाहेर पडताना दातवाला मान लववून म्हणाला, ‘थँक यू, सिस्टर।’ कानाखाली वाजवायची होती. हात उचललाच नाही.

४ डिसें.
दवाखान्यावरून मुद्दाम गेले. आलान दारात झाडत होती. पुढचे वरचे दोन गेले. इतके दिवस आतले काढत होता. आता सगळ्यांना दिसतील असे.
तिनं मला पाहिलं आणि पाठ केली.

१० डिसें., रविवार
मंडळाची बैठक. रुक्माच म्हणाली, ‘आपण नसतो पडलो मधात, तं तिचे ते दोन तरी राहिले असते.’ खरं आहे. 
तेवढ्यात दारात चाची. चपला हातात घेऊन उभी, आत येऊ की नको. कौ. बाईंनी ओढूनच आणली. म्हणाली, ‘मेरा आदमी डरता है। मैं भी डरती। लेकिन कुर्सी खाली मत रखो।’
समजायला वेळ लागला. दुकान उघडल्यापासून शटर पडेपर्यंत बाकावर कोणी ना कोणी दातदुखीची बाई हवी, म्हणजे आलानला खुर्चीवर बसवायला त्याला सवडच मिळायची नाही. त्यांच्या बायका आणि आमच्या, पाळीपाळीनं.
‘आन् रात्री?’ कौ. बाई.
चाचीची विधवा मोठी बहीण दवाखान्यावरच्या त्यांच्या खोलीत पाहुणी म्हणून जाणार. वडीलधारी बाई दारात आली तर त्यांच्यात परत पाठवत नाहीत. इतका मोठा अपमान तोसुद्धा करणार नाही, म्हणे. बघू.

१८ डिसें.
चाललंय. पार्लरवाली चिनी पोरगी सकाळी, मग चिनी जोडेवाल्याची सासू, दुपारी आमच्या. कौ. बाई त्या तीन दातांवर दोनदा जाऊन आल्या. दातवाला म्हणाला, ‘क्या दुखता है?’ ‘जे नाहीत ते.’ ऐकताना आम्ही हसून हसून बेजार.
पाहुणी मावशी वर ठाण मांडून आहे. दिवसभर जपमाळ ओढते, घोरत नाही, झोपतच नाही म्हणतात.

२२ डिसें.
हसणं बंद. त्यानं ओळखलं.
आज रुक्माची पाळी. म्हणाली, डावी दाढ दुखते. त्यानं बसवलं आणि चांगली दाढ उपटली, सुई न देता. ‘दुखता बोला ना?’ आलान ट्रे धरून उभी. रुक्मा तोंडात बोळा धरून बाहेर आली. घरी गेली नाही. बाकावर जाऊन बसली, शटर पडेपर्यंत.
संध्याकाळी गुळण्यांना मीठपाणी घेऊन गेले. लिहून दाखवलं तिनं, उद्याही मीच जाते.

३ जानेवारी १९६८
आलानचा एकही दात गेला नाही एवढ्यात. पण बायका कमी होऊन राहिल्या. रुक्माचं कळल्यापासून कोणाला ताप, कोणाकडे पाहुणे. दोष कोणाला देऊ? दात आपला असतो.
चाची आलानला घेऊन ठाण्यात गेली होती, कलकत्त्याला आईकडे जायची परवानगी मागायला. मिळेल म्हणाले, नवऱ्याची सही आणा. तो लगेच तयार. ‘जाए। बच्चे इधर।’
कौ. बाई म्हणतात, ‘जाय बाई, आधी जीव वाचव, पोरी मागून आणू.’ मी म्हणते, कशा आणू? पहिल्यांदाच त्यांच्याशी भांडले. आलान दोघींचं ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘मैं गई तो कुर्सी पर कौन बैठेगा?’

१४ जाने., रविवार
लिली एकटीच आमच्या घरी आली. दुधाचा दात हलतोय. ‘पापा ने देखा नहीं अभी। आप निकालो।’
तिला जिन्याच्या पायरीवर बसवलं, दोरा बांधला. तिनं डोळे मिटले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले. ओढला. रक्त थोडंच, पण खोल रुतला होता, दुखलं असणार. आवाज नाही. माझ्या आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, ‘रड वं बाई, इथं कोणी काही म्हणत नाही.’
‘नहीं। आवाज किया तो एक और।’
दात कागदात बांधून देऊ लागले. घेतला नाही. म्हणाली इथंच ठेवा, घरी नेला तर बाटलीत जाईल. आईनं तो हळदीच्या डबीत ठेवला.
उद्या बाकावर कोणी नाही. रुक्माचा गाल सुजलाय. प्रसूतिगृहात रजेचं सांगून आले, सकाळपासून मी बसणार आहे. कुठली दाढ दुखते म्हणून सांगायचं, ते अजून ठरवलेलं नाही.