चिंचेपाशी वळलेला चर

१४ मार्च १९६१, मंगळवार

अडवलं. म्युनिसिपल कमेटीत आज पहिल्यांदा मी काहीतरी अडवलं!

पाण्याचा पाइप आमच्या तांड्याला आणायचा हे मागच्या साली ठरलं होतं. आज एकदम नवीनच निघालं — चिंचेपाशी वळवून तो नव्या बंगल्यांकडे न्यायचा, तांड्याचं पुढे पाहू. अध्यक्षसाहेबांनी वाचून दाखवलं आणि विचारलं, "कोणाचं काही म्हणणं?" सगळे माझ्याकडे पाहू लागले. वार्ड माझा. मी पागोटं सारखं केलं, हात मांडीवर ठेवले आणि तोंड मिटून बसलो. एक शब्द नाही. चहा आला, तोही घेतला नाही.

माझा बाप, माझ्याआधीचा तांड्याचा नायक, असाच बसायचा. आमच्या नसाबेत, म्हणजे तांड्याच्या पंचायतीत, गोष्ट पटली तर माणूस 'बरं' म्हणतो. नाही पटली तर भांडत नाही, गप्प राहतो. एक जण जरी गप्प राहिला तरी गोष्ट तिथेच थांबते. लोक उठून घरी जातात, पुन्हा कधी बसतात.

अध्यक्षसाहेब जरा थांबले, मग दुसऱ्या विषयाला लागले. समजले म्हणायचे. चौथी शिकलेल्या म्हाताऱ्याचाही मान ठेवतात.

पण चहा घेतला नाही त्याचा राग तर आला नसेल?

१५ मार्च

तांड्यात सांगितलं. निंबाखाली सगळे जमले होते. सुखीबाई, माझी थोरली भावजय, तिने विचारलं, "मंग तू काय बोलला रे, नायक?"

"काहीच नाही. गप्प बसलो."

"शाबास. घरी बी असाच अडवत जा. पोरायले तरी सुख लागन."

सगळे हसले. मीही हसलो. सुखीबाईचे गुडघे गेले आहेत, तरी रोज नाल्यातल्या झिऱ्यावर जाते, वाटीवाटीने पाण्याची गुंडी भरते. म्हणाली, "एकडाव या निंबाखालच्या नळावर पाय धुते. मंग खुशाल न्या मले."

छाती भरून आली. मेंबर झाल्याचं आज सार्थक वाटलं.

३ एप्रिल, सोमवार

चर खोदायला सुरुवात झाली. टाकीपासून. काम तांड्यालाच मिळालं. डोंगरसिंग, माझा पुतण्या, त्याच्या हाताखाली सगळे आहेत. दुसरीकडे खोदायला गेले असते तर उन्हात कुरकुर केली असती. इथे आपलाच नळ म्हणून सब्बल घालताना गाणी म्हणतात. खाली मुरूम कडक आहे, तरी तोंड वाकडं नाही. सुखीबाईनेही दोन टोपली माती उचलली. डोंगरसिंग नको म्हणाला, तर त्यालाच बोलली — "पानी का तुह्या एकट्याचं हाय?"

७ एप्रिल, शुक्रवार

लिहू की नको.

आज बाजारात कमेटीचे सेक्रेटरी दीनानाथबाबू भेटले. भाजीची थैली खाली ठेवून मला नमस्कार केला. मला वाटलं, काय झालं! म्हणाले, "नायक, मन मोठं आहे तुमचं. वार्डाचा नळ दिलात आणि हूं की चूं केलं नाही."

मी म्हणालो, "मी तर अडवला ना तो."

त्यांनी चष्मा काढला. "कधी?"

"त्याच सभेत. मी बोललो नाही."

"अहो, बोलला नाहीत म्हणजेच हो म्हणालात. कोणाचं काही म्हणणं नाही, सर्वानुमते मंजूर. तसंच झालंय ते."

ते हसले असते तर बरं झालं असतं. हसले नाहीत. रस्त्याच्या कडेला नेऊन हळू आवाजात सांगितलं — "९ मेला सभा आहे. उभे राहा, फेरविचार मागा. तुम्ही मेंबर आहात, तुमच्याशिवाय तिथे तांड्याचं कोणी मागू शकत नाही. पण नायक, तोंडाने बोलावं लागेल. आमच्याकडे न बोलणं म्हणजे हो."

वांगी घ्यायला गेलो होतो. तशीच राहिली.

म्हणजे मीच दिला. माझ्या तोंडानेच — नाही, तोंडाने तर काहीच नाही.

८ एप्रिल

जेवण गेलं नाही. सुनेने ताट उचललं.

११ एप्रिल, मंगळवार

सून रुपीबाई माझ्याशी बोलत नाही. आमच्यात सून सासऱ्याशी तोंडाने बोलत नाही, पदर पुढे ओढते. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचा एक शब्द माझ्या नावाने निघालेला नाही. मला सांगायचं असेल ते शेळीला सांगते, मी ऐकावं म्हणून.

आज शेळीला म्हणत होती, "खाय व बाई. घरातल्या मोठ्या मान्सासारखं उपाशी नोको राहू. नळ येऊन राह्यला आता, तुले बी पाजतो."

मी उठून गोठ्यामागे गेलो.

चर अर्ध्यावर आला आहे. चिंच दिसते तिथून. रोज सकाळी जाऊन पाहतो, अजून किती राहिलं ते. डोंगरसिंगला वाटतं मी देखरेखीला येतो. म्हणाला, "काका, तुम्ही उन्हात कायले येता? आम्ही करून राह्यलो ना."

त्याला तिथेच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि विचारलं, "पाणी प्यायला का?"

१९ एप्रिल, बुधवार

आखजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा सण झाला की दुसऱ्या दिवशी मी वार्डाला वर्षाचा हिशोब सांगतो. कमेटीत काय झालं, काय राहिलं, उन्हाळ्यात काय होणार. मेंबर झालो तेव्हा हा पायंडा मीच पाडला. लोकांना आवडतं. बंगल्यांचा मेंबर असं सांगत नाही, दीनानाथबाबूही म्हणाले होते.

आज निंबाखाली सतरंजी टाकली. सगळे आले. कामावरून हातपाय न धुताच आले, धुवायला पाणी कुठे.

मी सांगितलं. नाल्याजवळच्या रस्त्यावर मुरूम पडला. कंदिलाचा खांब बसला, काच फुटली होती ती नवीन लावली. देवी टोचायला माणूस येऊन गेला. कोंडवाड्यात तांड्याची जनावरं विनाकारण घातली होती, ती सोडवून आणली. हे सगळं खरं आहे. एकेक गोष्ट ताणून ताणून सांगितली. काचेबद्दल किती बोललो! काच कोणी आणली, कशी बसवली, वारा कसा लागत नाही. मला माझाच आवाज परका वाटत होता.

मग सुखीबाई म्हणाली, "काचीचं कळलं. नळाचं सांग."

माझ्या तोंडून निघालं, "चर चिंचेपर्यंत आला आहे."

हेही खरंच होतं. सगळे 'बरं, बरं' म्हणाले. तांड्यातल्या रामलालने गूळ वाटला. मला पहिला खडा दिला. तो मी तोंडात धरून बसलो, गिळला नाही.

लोक उठल्यावर थुंकलो. गुळावर थुंकलो मी. पासष्टी उलटल्यावर.

२० एप्रिल

आजही सांगितलं नाही.

२३ एप्रिल, रविवार

मनात म्हणून पाहतो आहे. 'भावांनो, माझी चूक झाली.' एवढंच तर आहे. बैलासमोर म्हणून पाहिलं. बैलाने मान वळवली. नऊ तारखेच्या सभेचंही म्हणून पाहिलं — 'अध्यक्षसाहेब, माझं म्हणणं आहे.' ते सगळे शिकलेले. मधेच एखादा शब्द चुकला तर? खोकला आला तर? मागे एकदा मी 'ठराव' वाचताना अडखळलो होतो, तेव्हा बंगल्यांचा मेंबर खिडकीबाहेर पाहायला लागला होता. हसू लपवायला. मला माहीत आहे.

२६ एप्रिल, बुधवार

चर वळला.

मी तिथेच होतो, चिंचेच्या सावलीत. कमेटीचा माणूस चुन्याची पिशवी घेऊन आला आणि त्याने जमिनीवर पांढरी रेघ ओढली. तांड्याकडे नाही. बंगल्यांकडे. डोंगरसिंग म्हणाला, "साहेब, चुकून राह्यले तुम्ही. तांडा इकडं हाय."

"नकाशात असंच आहे. तुमच्या मेंबरने मंजूर केलंय, विचारा त्यांनाच. बसलेत बघा."

सगळे माझ्याकडे वळले. टोपली डोक्यावर, तशाच बायका उभ्या. मी खाली पाहिलं. पायाशी चिंचेचं एक बोटूक पडलं होतं, त्याच्याकडे पाहत राहिलो. सुखीबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या पायांना भेगा पडल्या आहेत, त्यांत मुरूम भरला होता. ती मला कधी सोडत नाही, काहीतरी टोमणा मारतेच. मी वाट पाहत होतो. तिने टोमणा मारला नाही.

डोंगरसिंगने सब्बल उचलली आणि रेघेवर घातली. मजुरीचं काम, सोडून कुठे जाणार. संध्याकाळपर्यंत तो चर त्यांनीच वळवला. गाणं कोणी म्हटलं नाही.

२९ एप्रिल

कोणी बोलत नाही. राम राम घालतात, बस. शेळीशीही कोणी बोललं नाही आज.

१ मे

कमेटीच्या इमारतीवर झेंडा लागला, नव्या राज्याला वर्ष झालं म्हणून. मेंबर लोकांना बोलावणं होतं. गेलो नाही. अंग दुखतं असं कळवलं. ते मात्र खरं आहे.

३ मे, बुधवार

आज सांगितलं. मीच सगळ्यांना बोलावलं. दीनानाथबाबू दाखल्याच्या कामासाठी तांड्यात आले होते, त्यांनाही म्हटलं बसा. परका माणूस असला की मला रडू येणार नाही.

उभा राहिलो. सगळं सांगितलं. कमेटीत गप्प कसा बसलो, का बसलो, बाजारात काय कळलं, आखजीच्या बैठकीत कसं लपवलं. गूळ थुंकला तेही सांगितलं. रामलालने मान खाली घातली.

शेवटी म्हणालो, "मी मेंबर राहायच्या लायक नाही. राजीनामा देतो. कोणाचं काही म्हणणं?"

कोणीच बोललं नाही.

निंबावर कावळा होता, तोही नाही. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. डोंगरसिंग. रामलाल. सुखीबाई, पदर तोंडावर धरून. बायकांच्या मागे रुपीबाई. सगळे गप्प. मला वाटलं, एखादा तरी 'नको' म्हणेल. इतकी वर्षं नायक म्हणत आले. कोणी म्हणालं नाही.

दीनानाथबाबू माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "विरोध नाही दिसत कोणाचा. तुमची मर्जी, नायक."

बरोबर आहे. मी त्यांचं पाणी दिलं, त्यांनी माझी जागा दिली. यात रडण्यासारखं काय आहे.

खरं सांगतो, इथे कोण वाचतं — थोडं सुटल्यासारखंही वाटलं. नऊ तारखेला उभं राहून बोलावं लागणार नाही.

५ मे, शुक्रवार

सकाळीच कमेटीत जाऊन राजीनामा देऊन आलो. अध्यक्षसाहेबांनी लगेच मंजूर केला, चहा पाजला. आज चहा घेतला. निघताना कळलं, माझ्या जागी बंगल्यांतलेच एक वकील येणार आहेत, बोलणं झालेलं आहे.

दारात आलो तर रुपीबाई उंबऱ्यावर उभी. पदर मागे सरलेला. शेळी गोठ्यात होती. माझ्याकडे सरळ पाहून बोलली, पहिल्यांदाच —

"बापू, नऊ तारखेले सारा तांडा तुमच्यासंग कमेटीत येऊन उभा राहणार व्हता. तुम्ही राजीनामा कायले देला? निंबाखाली कोणी 'बरं' म्हनलं व्हतं का तुमाले?"