अक्षताच्या पायातला आमचा नेल

सोमवार, ३ फेब्रुवारी
अक्षताचा पाय मोडला! करोल बागेत स्कूटी घसरली आणि नडगीच्या हाडाचे मधोमध दोन तुकडे. सुमित्रा रडायला लागली तेव्हा मी तिला दटावलं, आणि बाहेर जाऊन स्वतःच रडून घेतलं. पोरगी सव्वीस वर्षांची, पण स्ट्रेचरवर सहा वर्षांची दिसत होती. डॉक्टर म्हणाले, "प्लास्टर नहीं, नेल डालेंगे."
नेल! आणि हे मला समजावताहेत!

मंगळवार, ४ फेब्रुवारी
ऑपरेशन झालं. गुडघ्याखाली लहानशी चीर, तिथून हाडाच्या पोकळीत खालपर्यंत धातूच्या सळईसारखा तो लांब नेल सरकवला, आणि तो हलू नये म्हणून वर-खाली आडवे स्क्रू. त्या डॉक्टरांना काय ठाऊक, फरीदाबादच्या कारखान्यात स्क्रूची ती भोकं मीच पाडतो — बावीस वर्षं! ढिगानं नेल बनवले, पण माणसात बसलेला आज पहिल्यांदा पाहिला. एक्स-रे खिडकीशी धरून किती वेळ उभा होतो. खालची दोन्ही भोकं अगदी रेषेत. ती मी ओळखणार नाही तर कोण? तरी विचारलं, "सर, नेल कहाँ का है?" म्हणाले, "इंडियन है, बढ़िया है." झालं तर! बढिया म्हणजे आमचाच.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
वॉर्डात सगळ्यांना सांगून झालं. शेजारच्या खाटेजवळ बसलेले सरदारजी म्हणाले, "भाईसाहब, आपने तो बेटी की हड्डी बना दी!" सुमित्रा म्हणते, "अहो, पुरे आता, नर्ससुद्धा हसतायत." हसू देत. शिफ्टमधल्या आशयला एक्स-रे पाठवला. तो पेढे मागतोय.

रविवार, १६ फेब्रुवारी
घरी येऊन आठवडा झाला. डॉक्टरांनी पाय टेकून चालायला सांगितलंय, भार पडला की हाड चांगलं जुळतं म्हणे. ही टेकतच नाही! वॉकर धरून एका पायावर उड्या. "बाबा, आत काहीतरी तुटेल. मला पक्का माहितीय." पोटरी बघता बघता बारीक झाली. ही अशीच बसून राहिली तर? आज ओरडलो तिच्यावर. ती जेवली नाही, मग मीही नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी
टेकला! पाय टेकला!
कारखान्यातून बाद झालेला एक नेल साहेबांकडे मागून आणला. तिच्या हातात दिला, म्हटलं वाकवून दाखव. दोन्ही हातांनी जोर लावला, लाल झाली, मग हसायलाच लागली. म्हटलं, "बाळा, ह्याचं भोक केसभर सरकलंय म्हणून मी हा बाद केला. तुझ्या पायातला माझ्या हातून पास झालाय. घाबरतेस कशाला?"
हातातला नेल तिनं खाली ठेवला. मग म्हणाली, "अच्छा, चलो बाबा. धरा मला."
स्वयंपाकघरापर्यंत पाच पावलं! दोन पाय टेकून! सुमित्रानं गॅसवरचं दूध उतू घालवलं.
बावीस वर्षांत मला कुणी बक्षीस दिलं नाही. आता नकोच.

सोमवार, २४ फेब्रुवारी
आज बारा पावलं. शिफ्टमध्ये जाहीर केलं — आपला माल चालायला लागला!

शुक्रवार, २८ फेब्रुवारी
अक्षताच्या रजेचे कागद तिच्या ऑफिसला द्यायचे म्हणून हॉस्पिटलची फाइल उघडली. ऑपरेशनच्या पानावर नेलच्या डब्याचं स्टिकर चिकटवलेलं. कंपनी गुजरातची. आमची नाहीच!
पान तिच्यापुढे धरलं. म्हणाली, "माहितीय बाबा. मी हॉस्पिटलमध्येच वाचलं होतं."
"मग त्या शनिवारी पाय कशाच्या भरवशावर टेकलास?"
"तुम्ही धरलं होतं ना! आणि हे पान ऑफिसमध्ये देऊ नका हं. तिथे मी सगळ्यांना सांगितलंय, नेल माझ्या बाबांचा आहे."