मालिकेतली सासू

आई,

तुम्ही देवळातून यायच्या आत मला निघावं लागतंय, अंधेरीच्या लॅबमध्ये लवकर बोलावलंय. आमटीला फक्त फोडणी द्यायची आहे. रागावून उपाशी राहू नका, गोळी जेवणानंतरची आहे.

काल यांनी सांगितलं ते खरं आहे. टीव्हीवरच्या त्या ब्रिटिश मालिकेत जिची सतत टिंगल होते, ती सासूच आहे. तुम्हाला मराठीत सांगताना मी तिला शेजारीण केलं. तुम्ही इतक्या मोकळेपणाने हसत होतात की खरं सांगवेना. मात्र टिंगल जावई करतो, सून नाही.

आज पुढचा भाग आहे. आता जसं आहे तसंच सांगेन. माझ्या मते त्या घरात अक्कल तिला एकटीलाच आहे. नेहमीसारख्या माझ्याजवळ बसा, नाहीतर मलाही बघायचं नाही.

कुंदा